हार्वीची गहाळ पानं

नोव्हेंबर १७३७. लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात राणी कॅरोलाइन शेवटच्या घटका मोजते आहे. हर्नियाचं दुखणं तिनं वर्षानुवर्षं लपवलं होतं. आता उपाय उरलेला नाही. ती नवऱ्याला, राजा दुसऱ्या जॉर्जला, पुन्हा लग्न कर म्हणून सांगते. राजा हुंदके देत नकार देतो आणि म्हणतो, मी अंगवस्त्रं ठेवीन. त्यामुळे लग्न कुठे अडतं, असं त्यावर राणीचं उत्तर!

हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो लॉर्ड जॉन हार्वीमुळे. १६९६ साली जन्मलेला, अर्लचा मुलगा. १७३० पासून राजवाड्यात व्हाइस-चेंबरलेन. रोज राणीशी गप्पा मारायच्या आणि तिचं मन पंतप्रधान वॉलपोलच्या बाजूला ठेवायचं, हे त्याचं खरं काम. त्यासोबत तो सगळं लिहूनही ठेवत होता. स्वतःबद्दलही तृतीयपुरुषी: ‘लॉर्ड हार्वी असं म्हणाला.’

त्याची चेष्टा करणं सोपं होतं. नाजूक तब्येत, फिटचा आजार, म्हणून दुधाभाज्यांचं पथ्य, चेहऱ्यावर पावडर. स्टीफन फॉक्स या मित्राला लिहिलेली त्याची पत्रं आज सरळ प्रेमपत्रं वाटतात. बायको होती, आठ मुलंही होती. त्याच्या ‘बायकीपणा’वर पत्रक काढणाऱ्या विल्यम पुल्टनीशी तो १७३१ मध्ये तलवारीनं लढला. पण १७३५ मध्ये कवी अलेक्झांडर पोपनं घाव घातला तो शब्दांचा. नीरोच्या खच्ची केलेल्या गुलामाचं, स्पोरसचं, नाव देऊन त्यानं हार्वीला कवितेत उभं केलं. हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

हार्वीची बाजू मात्र कुलपात राहिली. १७४० मध्ये तो लॉर्ड प्रिव्ही सील झाला, वॉलपोल पडल्यावर १७४२ मध्ये ते पद गेलं आणि पुढच्याच वर्षी, ४६ व्या वर्षी, तो वारला. वडील मागे राहिले, त्यामुळे तो अर्लही झाला नाही. तिसऱ्या जॉर्जच्या हयातीत आठवणी छापायच्या नाहीत, अशी अट घरच्यांनी घातली. पुस्तक आलं १८४८ मध्ये. तो जाऊन १०५ वर्षं झाली होती!

ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी पूर्ण हार्वीच्या बाजूचा झालो. बदनाम माणसाला उशिरा का होईना, न्याय मिळाला, असं वाटलं. मग युवराज फ्रेडरिकवरचा मजकूर वाचला. कधीकाळच्या या जिवलग मित्राबद्दल हार्वी इतकं विष ओकतो, की पोपनं त्याच्याबद्दल लिहिलेलं सौम्य वाटावं. दोघांचं बिनसलं कशावरून? अ‍ॅन वेन आधी हार्वीची प्रेयसी होती, मग युवराजाची झाली, एवढं ठाऊक आहे. भांडणाचा काळ १७३० ते १७३२. आणि हस्तलिखितातली नेमकी तीच पानं नाहीत. घरातल्याच कुणीतरी ती काढून टाकली.

मी सॉफ्टवेअरमधला. काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडतो, कारण लॉग खोटं बोलत नाही असं आम्ही मानतो. पण बिघाडाच्या वेळच्याच ओळी गायब असतील, तर उरलेल्या लॉगवर किती विश्वास ठेवायचा?

राणीच्या मृत्यूचा प्रसंग मला अजूनही खरा वाटतो. राजानं पुन्हा लग्न केलं नाही, हे तर इतिहासच सांगतो. फक्त ‘लॉर्ड हार्वी असं म्हणाला’ हे वाक्य आलं की मी आता जरा थांबतो. तिथे साक्षीदारही तोच आहे आणि वकीलही तोच.