खानदेशच्या थंडीत परसातील कोंबड्यांची निगा

हिवाळ्यात जळगाव-धुळ्याकडून बातमी येते ती बहुधा केळीची. पारा दहा अंशांखाली उतरला की केळीची वाढ खुंटते, घड निसवण्यास विलंब होतो आणि रावेर-यावल पट्ट्यात बागांच्या कडेने धूर केला जातो. त्याच रात्री घराच्या वळचणीला, खुराड्यात किंवा डालग्याखाली बसलेल्या कोंबड्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक, सातपुड्याच्या पायथ्यापासून शहरालगतच्या वसाहतींपर्यंत असंख्य कुटुंबांकडे पाच-दहा कोंबड्या असतातच. घरच्या अंड्यांची सोय आणि अडीअडचणीला हाताशी येणारा पैसा, असे हे छोटेसे भांडवल असते.

खानदेशातील थंडीचे वैशिष्ट्य तिच्या कडाक्यात नसून दिवस-रात्रीच्या तफावतीत आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या घरात असते, तर पहाटे ते दहाच्या खाली जाते. धुळ्यात ते पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी अनेकदा झाल्या आहेत. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. पिसांचा थर शाबूत असलेली प्रौढ कोंबडी पिसे फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन अशी रात्र सहज काढते. गावरान पक्षी तर त्यात तरबेजच. तुऱ्याला हिमदंश होऊ नये म्हणून मलम चोळणे, पाणी गोठू नये म्हणून भांडे तापते ठेवणे हे थंड देशांतील उपाय खानदेशात अनाठायी आहेत. येथे धोका असतो तो तीन गोष्टींचा: पिलांना ऊब न मिळण्याचा, खुराड्यातील ओल व कोंदटपणाचा, आणि थंडीच्या नावाखाली रोगाकडे दुर्लक्ष होण्याचा.

यापैकी पहिला धोका सर्वांत घातक होय. पिसे न फुटलेल्या पिलाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी कमी करत न्यावी. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली ही सोय आपोआप होते. तथापि, थंडीत एका कोंबडीखाली नेहमीपेक्षा दोन-तीन अंडी कमीच ठेवणे शहाणपणाचे. पंखाबाहेर राहिलेली कडेची अंडी गार पडतात आणि २१ दिवसांच्या प्रतीक्षेनंतर ती वाया जातात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिले विकत आणणाऱ्यांना मात्र आईची जागा स्वतःच घ्यावी लागते. दर पिलामागे सुमारे दोन वॅट या हिशेबाने, म्हणजे वीस-तीस पिलांसाठी ४० ते ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब पुरतो. एलईडी दिवा उजेड देतो, पण पुरेशी ऊब देत नाही, हे लक्षात न घेतल्याने अनेकांची फसगत होते. बल्ब जमिनीपासून फूट-दीड फुटावर टांगावा व भोवती पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे करावे. कोपरे असल्यास पिले तेथे गर्दी करतात.

तापमापक नसला तरी चालते, कारण पिलेच ते सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी आहे; चोच उघडी ठेवून कडेला पळत असतील तर जास्त आहे; सारीच एका बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची तिरीप येते आहे. सर्वत्र पांगून निवांत दाणे टिपत असतील तर सारे ठीक. सकाळी कोपऱ्यात मेलेली आढळणारी पिले गारठ्याने जितकी मरतात, तितकीच एकमेकांच्या ओझ्याखाली गुदमरूनही मरतात. म्हणून रात्री दोनदा उठून पाहण्याला पर्याय नाही. पहाटेची वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावांत तर नाहीच. वीज गेल्यास काही ठिकाणी मडक्यात राखेखाली निखारे ठेवून ऊब दिली जाते. हा उपाय चांगला आहे. पण धग पिलांपासून जाळीने वेगळी असावी आणि खोली पूर्ण बंद नसावी. बंद जागेत कोळशाच्या वायूने पिलेच काय, माणसेही दगावतात.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. थंडी म्हटली की खुराडे चहूबाजूंनी प्लॅस्टिकने गच्च बांधले जाते. कोंबड्यांच्या श्वासातील वाफ आणि विष्ठेतील ओल बाहेर पडू शकत नाही. ती पत्र्याला लागून थेंबाथेंबाने खाली टपकते. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिका दुखावते आणि सर्दी-घरघरीच्या जुनाट श्वसनविकाराला वाट मिळते. सकाळी खुराड्याचे दार उघडताच नाकाला झणका आला, तर ती हवा कोंबड्यांनी रात्रभर घेतली आहे असे समजावे. वाऱ्याच्या बाजूला, बसण्याच्या उंचीपर्यंत गोणपाटाचा पडदा लावावा आणि छपराखालची वीतभर फट उघडी ठेवावी. सूर्य वर आला की पडदे गुंडाळावेत, सायंकाळी सोडावेत. दुपारी तीस अंश तापणाऱ्या प्रदेशात दिवसभर पडदे ठेवण्याचे प्रयोजनच नाही. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्यास टपकणेही कमी होते. पऱ्हाट्यांचा कूड करण्याची जुनी पद्धत मात्र सोडलेली बरी. गुलाबी बोंडअळीच्या भयाने कृषी विभाग पऱ्हाट्या साठवू नका असे सांगत असतो.

जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफले यांची चार ते सहा इंचांची गादी घालावी. खानदेशात टरफले सहज मिळतात. गादी दोन-चार दिवसांनी खालीवर करावी, ओला भाग काढून टाकावा. मूठभर भुसा दाबून सोडल्यावर त्याचा गोळा झाला तर ती ओली आहे. बसण्यासाठी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लाकडी दांडी असल्यास पक्षी गार जमिनीपासून दूर राहतात.

अंडी कमी झाल्याची तक्रार याच दिवसांत ऐकू येते. तिचे मुख्य कारण थंडी नसून उजेड आहे. अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाकाठी १४ ते १६ तासांचा प्रकाश लागतो. डिसेंबरअखेरीस जळगावचा दिवस ११ तासांहूनही थोडा कमी असतो. पहाटे तीन-चार तास एक छोटा दिवा लावल्यास फरक पडतो. पण परसातल्या चार गावरान कोंबड्यांसाठी हा खटाटोप करावाच असे नाही. पिसे गाळून नवी धारण करण्याचा, विश्रांतीचाही हा काळ असतो.

थंडीत शरीर तापते ठेवण्यासाठी कोंबडी अधिक खाते. दिवसभर चरून आलेल्या पक्ष्याला सायंकाळी मूठभर भरडलेला मका, ज्वारी किंवा बाजरी द्यावी, म्हणजे लांब रात्रभर पचनाची ऊब मिळते. अंड्यावरील कोंबडीला केवळ धान्य पुरत नाही. पेंड व शिंपल्यांचा चुरा जोडीला हवा. अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका स्वस्तात मिळाला तरी घालू नये. बुरशीचे विष यकृतावर घाला घालते. सकाळचे पाणी ताजे, किंचित कोमट असावे. रात्रीचे थंडगार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी घटले की खाणेही घटते.

तिसऱ्या धोक्याचा अनुभव खानदेशाला अन्य कोणाहूनही अधिक आहे. भारतातील पहिला बर्ड फ्लू १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात. तेथे कोंबड्या आधीपासून मरत होत्या आणि ते मरण राणीखेत रोगाच्या खाती टाकले जात होते. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो आढळला. त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापुरात त्याने डोके वर काढले. हे सारे महिने थंडीचे किंवा थंडी सरतानाचे आहेत, हा निव्वळ योगायोग नव्हे. गारठ्यात विषाणू अधिक काळ तग धरतो आणि स्थलांतरित पाणपक्षीही याच काळात जलाशयांवर उतरलेले असतात.

म्हणूनच ‘थंडीने मेली’ हे निदान जपून करावे. गारठा पिलांना मारतो, अशक्त पक्ष्याला मारतो. धडधाकट मोठ्या कोंबड्या दोन दिवसांत एकापाठोपाठ एक मरू लागल्या तर ती थंडी नव्हे. मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा, धाप लागणे ही राणीखेतची लक्षणे. तुरा निळा पडणे, तोंडावर सूज, पायांवर रक्ताचे डाग किंवा कोणत्याही लक्षणाविना अचानक मृत्यू हे बर्ड फ्लूचे संकेत असू शकतात. मात्र दोन्हींची गल्लत होते. अंतिम निदान भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतच होते. अशा वेळी उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडे बाजारात नेऊन विकणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्याने रोग बाजारातून दहा गावांत जातो. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा नाल्यात न टाकता, उघड्या हातांनी न हाताळता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००९ च्या प्राणी-रोग प्रतिबंध कायद्यानुसार असे कळवणे मालकावर बंधनकारकही आहे. पशुसंवर्धन विभागाचा निःशुल्क क्रमांक १९६२ आहे.

राणीखेतवर लस उपलब्ध आहे. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस दिली जाते. थंडी पडण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास ही कामे उरकावीत. लस बर्फात ठेवूनच आणावी आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असल्याने चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण केल्यास खर्च नाममात्र येतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पडदे टप्प्याटप्प्याने काढावेत आणि गादी पातळ करावी. खानदेशात मार्च उजाडतो तो उन्हाच्या झळा घेऊनच.