वाड्याचा अडसर
पेशवाईतील पुण्यात एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्याची रचना न्याहाळली, तर वास्तुशोभेइतकेच घरफोड्यांचे भयही तीत उमटलेले दिसते. कारण भव्य दरवाजा सहसा बंदच राही, ये-जा त्यातील बुटक्या दिंडीतून होई, म्हणजे आगंतुकाला मान लववून, मस्तक आधी पुढे करूनच आत यावे लागे, आणि रात्री भिंतीच्या पोटातील खोबणीतून सागवानी अडसर ओढला की दोन-चार धटिंगणांच्या धडकांना तो दाद देत नसे. देवडीवर पहारेकरी बसे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात हिंडणारा इसम कोतवालीच्या गस्तीच्या हाती सापडे. गावोगावी रखवाली रामोशांकडे असे, आणि चोरी झाल्यास माग काढण्याची वा नुकसान भरून देण्याची जबाबदारीही त्यांच्याच माथी. ही व्यवस्था मला तरी कुलपांहून शहाणपणाची वाटते.

मात्र हा सारा बंदोबस्त परक्यासाठी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पेशव्यांच्या शनिवारवाड्यात घुसलेले सुमेरसिंगाचे गारदी शिपाई सरकारचेच पगारी चाकर होते. थकलेल्या पगाराचे निमित्त त्यांना पुरले, आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध खुद्द चुलते राघोबादादांसमोर झाला. चौकशीअंती न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांसच दोषी ठरविले.