दारांतला तगादा

थोड्या दिवसांपूर्वीं आमच्या शेजारच्या घरीं एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. त्या घरचा कर्ता पुरुष एका खासगी रुग्णालयांत वारला होता. बिलाची बाकी राहिली होती, आणि ती वसूल करण्याचें काम रुग्णालयानें एका वसुली करणाऱ्या कंपनीकडे सोंपविलें होतें. गृहस्थांचे शब्द सौम्य होते. आवाज मात्र साऱ्या गल्लीला ऐकूं जाईल असा. ते गेल्यावर घरच्या बाईंनीं मला विचारलें, "गुरुजी, हे लोक मला तुरुंगांत घालतील का हो?" या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलुखाविषयीं कमिशनर एल्फिन्स्टन यांनीं १८१९ सालीं लिहिलेल्या अहवालांत तगाद्याचें वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा कमी दर्जाचा असला, तर धनको त्याला घरांत अडकवून ठेवी, जेवूं देत नसे, प्रसंगीं उन्हांत बसवी. ऋणको वरचढ असला, तर धनको स्वतःच त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, ओरडा करी, उपाशी बसे. आणि तो उपाशी असेपर्यंत घरधन्यानेंही जेवूं नये अशी रीत होती. हेंच धरणें. हें सारें आपल्या वतीनें दुसऱ्यांकडून करविण्याचीही चाल होती. तेव्हां वसुलीचीं भाडोत्री माणसें हें आजचें नवल नव्हे. मागणें पैशाचें, पण गहाण पडे तें शरीर आणि अब्रू.

१८६० च्या दंडसंहितेनें ईश्वरी कोपाचें भय घालून काम करवून घेणें हा गुन्हा ठरविला, आणि उदाहरण दिलें तें दारांतल्या धरण्याचेंच. तरी दिवाणी तुरुंगाचें भय उरलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले व त्यांच्या वह्या जाळल्या. चौकशी होऊन १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठीं कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास अटक करण्याचें त्यानें बंद केलें. आमचें कोल्हापूर तेव्हां संस्थान असल्यामुळें त्या कायद्याबाहेर राहिलें. पुढें १९८० सालीं, जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यांत, प्रामाणिक दारिद्र्यापायीं देणें न फिटलेल्या माणसास तुरुंगांत टाकतां येणार नाहीं असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें साऱ्या देशासाठीं दिला.

रुग्णालयांचीही गोष्ट तशीच. बिल थकलें म्हणून मृतदेह अडवून ठेवूं नये, असें महाराष्ट्रांत २०२१ च्या सुधारलेल्या नियमांनीं सांगितलें. धर्मादाय रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिली आहे.

म्हणून मीं बाईंना सांगितलें : प्रथम तपशीलवार बिल मागा. रुग्णालय धर्मादाय आहे काय, तें विचारा. मृताचें देणें वारसांवर येतें तें त्याच्या मागें राहिलेल्या मालमत्तेपुरतेंच. दाखल करतांना तुम्हीं स्वतः हमी लिहून दिली असेल, तर मात्र गोष्ट निराळी. दावा लावण्यास सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते, आणि मुदतींत लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर ती नव्यानें सुरू होते. तेव्हां घाबरून कोठेंही सही करूं नका. जें द्याल तें पावती घेऊन द्या.

खरें देणें बुडवावें असें मी म्हणत नाहीं. ज्यानें रोग्याच्या उशाशीं रात्र जागविली, त्याचे पैसे देणें हा धर्मच आहे. परंतु देणें वहींतलें आहे. तें वहीवरूनच फिटावें, उंबऱ्यावर नव्हे.

ते गृहस्थ पुन्हां आले, तेव्हां बाईंनीं त्यांना पाणी दिलें आणि शांतपणें तपशील मागितला. तो त्यांच्यापाशीं नव्हता. आणतों म्हणून गेले आहेत.