पवनचक्कीतील नियंत्रण-तारजोडणी
पवनचक्कीतील मापनयंत्रे, नियंत्रक आणि ब्रेक यांना जोडणारी, वीजवाहक मुख्य केबलपासून वेगळी ठेवलेली तारव्यवस्था. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सुप्याच्या (ता. पारनेर) परिसरातील डोंगरपठारावर अशा पवनचक्क्या आहेत. शिरोभागातील मापकांचे संकेत अनेकदा 4 ते 20 मिलिअँपिअर प्रवाहाने येतात. त्यामुळे प्रवाह शून्यावर आला तर वारा पडलेला नसून तार तुटली आहे, हे लगेच कळते. सर्वांत महत्त्वाची असते ती सुरक्षा-साखळी. आणीबाणीचे बटण, अतिवेग व कंपन यांचे स्विच तीत एकापाठोपाठ जोडतात. एकही संपर्क सुटला की यंत्र थांबते. वाऱ्याकडे तोंड वळवताना मनोऱ्यात लोंबणाऱ्या केबलना पीळ बसतो. तो मर्यादेपलीकडे गेला की नियंत्रक शिरोभाग उलटा फिरवून पीळ सोडवतो. विद्युत गोंगाट टाळण्यासाठी संकेततारांचे धातूचे कवच सहसा एकाच टोकाला भूसंपर्कित करतात.