रोज चार अध्याय

आपल्याकडे गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत करतात आणि कुठल्या दिवशी कितव्या अध्यायावर थांबायचं हे ठरलेलं असतं. ख्रिस्ती घरांमध्ये अख्खं बायबल एका वर्षात वाचायची पद्धत आहे, तिच्याबद्दल मात्र आपल्याला फारशी कल्पना नसते. त्या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला तक्ता डंडी नावाच्या एका स्कॉटिश गिरणगावात तयार झाला. तो करणाऱ्याचं नाव रॉबर्ट मरे मॅकशेन. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा, म्हणून जरा जास्तच खोलात शिरलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत, पण हे अध्याय मुळात नव्हते. आज वापरतात ती विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने केली असं मानतात. नव्या करारातल्या ओव्यांना आजचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने दिले. (आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा जुनाच, इंडेक्स नंतर बसवला.) हा इंडेक्स नसता तर टाइमटेबल बनलंच नसतं.

टाइमटेबलची कल्पनाही मॅकशेनची नाही. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅनमरने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात वर्षभराचं वाचन बांधून दिलं होतं. त्याची तक्रार मोठी गमतीची आहे. चर्चमध्ये एकेका ग्रंथाची सुरुवात व्हायची, दोन-चार अध्याय व्हायचे आणि पुढचं राहूनच जायचं. ३१ डिसेंबरला जिमची फी भरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

पण क्रॅनमरचं वाचन देवळातलं. घराघरात वाचायचं तर घराघरात पुस्तक हवं, आणि तेही परवडणारं. १८०४ मध्ये लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली ती स्वस्त बायबलं छापण्यासाठीच. स्कॉटलंडमध्ये बायबल छापण्याचा मक्ता राजाच्या छापखान्याकडे होता, तो १८३९ मध्ये संपला.

मॅकशेन १८३६ पासून डंडीच्या सेंट पीटर्स चर्चचा पाळक होता. वस्ती कामगारांची. लिननच्या गिरण्या, त्यांचा धूर, दाटीवाटीची घरं, आणि बंगालचा ताग नुकताच बंदरात यायला लागलेला. मॅकशेनची तब्येत तोळामासा. १८३९ मध्ये तो चर्चच्या एका शिष्टमंडळाबरोबर पॅलेस्टाईनला गेला. त्याच्या जागी विल्यम बर्न्स नावाचा तरुण प्रवचनं देत होता, आणि नेमकी त्याच काळात डंडीमध्ये धार्मिक उत्साहाची लाट आली. रोज संध्याकाळी सभा, तुडुंब गर्दी. मॅकशेन परतला तो या भरतीत. मत्सर वाटायला हरकत नव्हती, पण त्याने बर्न्सशी शेवटपर्यंत चांगलं ठेवलं.

माझ्या मते तक्त्याचं मूळ इथे आहे. भरती ओसरते. सभेत रडलेला माणूस सोमवारी पहाटे गिरणीत जातो, त्याच्या हातात काय उरतं? १८४२ च्या डिसेंबरअखेरीस मॅकशेनने आपल्या मंडळीसाठी हे वेळापत्रक तयार केलं.

रचना बघा. रोजचे चार रकाने. दोन घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचे, दोन एकट्याने. १ जानेवारीला उत्पत्ति १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. म्हणजे चार वेगवेगळ्या सुरुवाती: जगाची, येशूच्या चरित्राची, बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांची आणि पहिल्या चर्चची. वर्षाअखेर जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा. मी हिशेब केला: ७७९ अधिक ३०० अधिक ५२०, एकूण १५९९ अध्याय. दिवसाला चारापेक्षा थोडे जास्त, म्हणून काही दिवशी दोन छोटे अध्याय एकत्र घेतलेत.

चार धागे समांतर चालवण्यात खरी हुशारी आहे. पहिल्या पानापासून सरळ वाचणारा माणूस साधारण लेवीयच्या यज्ञनियमांत आणि गणनेच्या याद्यांत अडकतो आणि पुस्तक मिटतो. इथे एक रकाना रुक्ष असला तरी बाजूचा चालू असतो.

मॅकशेनने फायदे सांगितलेत तेही व्यवहारी. आज काय वाचू यात वेळ जात नाही. आईबापांना मुलांना विचारायला विषय मिळतो. आणि सगळी मंडळी एकाच दिवशी एकच पान वाचते, त्यामुळे आपला कळप कुठे चरतोय हे पाळकाला कळतं.

पण मला आवडला तो भाग वेगळाच. फायद्यांच्याही आधी त्याने धोके लिहून ठेवलेत. वाचन नुसता उपचार होईल. चार अध्याय संपवले की आपण फार पुण्यवान असं वाटू लागेल. घाईघाईत नुसती नजर फिरेल. आणि काहींना ते जोखड वाटेल. ज्यांना तसं वाटेल त्यांनी खुशाल हे बाजूला ठेवावं, असंही त्याने स्वच्छ सांगितलं. रिलीझ नोट्समध्ये सगळ्यात वर ‘नोन इश्यूज’ लिहिणारा माणूस मी आमच्या धंद्यातही क्वचितच पाहिलाय.

त्याला स्वतःला ते वर्ष पुरं करता आलं नाही. डंडीत टायफसची साथ होती, आजाऱ्यांकडे जाता जाता त्यालाही लागण झाली आणि २५ मार्च १८४३ ला तो गेला. तक्त्यात तेव्हा निर्गमाचा उत्तरार्ध चालू होता. पुढच्याच वर्षी त्याचा मित्र अँड्र्यू बोनार याने चरित्र लिहिलं आणि ते खूप वाचलं गेलं.

तक्ता टिकला. विसाव्या शतकात लंडनच्या मार्टिन लॉइड-जोन्स यांनी तो जॉन स्टॉट यांना सुचवला आणि स्टॉट यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. १९९८ मध्ये डी. ए. कार्सन यांनी त्याच्यावर रोज एक पान असं पुस्तक काढलं. आता तो मोबाइलच्या ॲपमध्येही मिळतो. रोज चार जड वाटणारे बरेच जण या वर्षी पहिले दोन रकाने घेतात आणि उरलेले दोन पुढच्या वर्षी.