लक्ष्मी, तीन भाऊ आणि रविवर्म्याची सही

वाटणीच्या याद्यांमध्ये जमीन, सोनं आणि तांब्याची भांडी यांच्याखाली हल्ली आणखी एक ओळ दिसते: 'रविवर्म्याचं चित्र, नग १'. देवघराच्या भिंतीवर शंभर वर्षं धूर खात असलेल्या चित्राकडे तोवर कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. पण २०२३ साली मुंबईत पुंडोल्सच्या लिलावात रविवर्म्याचं यशोदा-कृष्णाचं तैलचित्र ३८ कोटींना गेलं, आणि घरोघरी लोकांनी खुर्चीवर चढून सह्या वाचायला सुरुवात केली.

माझ्या आत्याच्या सासरी तर यावरून दोन भावांचं बोलणं बंद झालं. तिसऱ्याचा मुलगा न्यू जर्सीत, त्याला चित्र तिकडे न्यायचंय. चित्र लक्ष्मीचं: कमळावर उभी, शेजारी हत्ती, खाली सही. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा काय ते," असं म्हणून आत्याने प्रकरण माझ्या गळ्यात टाकलं. (कॉम्प्युटरवाल्याला प्रिंटर दुरुस्तीपासून पत्रिका जुळवण्यापर्यंत सगळं येतं, असा आपल्याकडे समज आहे. असो.)

तर आधी थोडा इतिहास. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) केरळातल्या किळिमानूरचा, पण त्याची घराघरातली कीर्ती आपल्या मुंबईत आणि मावळात छापली गेली. चित्रं मोठी, मागणी अफाट आणि हात दोनच. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी त्याला सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्या. रविवर्म्याने पुढे स्वतःचाच छापखाना काढला, १८९४ साली, मुंबईत. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. दोनच वर्षांत मुंबईत प्लेग आला, आणि शतक संपता संपता छापखाना कार्ल्याजवळ मळवलीला हलला. पुणे-लोणावळा लोकलने जाताना जे शांत स्टेशन लागतं ना, तेच मळवली! रविवर्मा आणि त्याचा भाऊ राजवर्मा यांना हा धंदा काही झेपला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी या छापखान्यासाठी काम केलं होतं.

आता मुद्दा असा की सही काहीच सिद्ध करत नाही. मूळ चित्रावरची सही दगडावर चढते आणि चित्राबरोबरच छापली जाते. ओलिओग्राफ म्हणजे रंगीत शिळाप्रेसच. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छपाई, वरून वार्निश आणि दाब देऊन उमटवलेला कॅनव्हासचा पोत. त्यामुळे काचेआडून ते हुबेहूब तैलचित्र दिसतं. तशीच तर कल्पना होती.

भिंग घेऊन बसलात तर मात्र दहा मिनिटांत उलगडा होतो. लक्ष्मीच्या गालावर ब्रशचे फटकारे नाहीत, बारीक ठिपके आहेत. ठिपके अगदी एका ओळीत, जाळीसारखे असतील तर ते नंतरचं फोटो-ब्लॉकचं काम. वेडेवाकडे, कारागिराने हाताने दगडावर टाकलेले असतील तर जुना शिळाप्रेस. आमचे वेडेवाकडे निघाले. पोतही तसाच. खऱ्या तैलचित्रात रंगाचा उंचवटा ब्रशच्या दिशेने जातो. इथे चेहरा, पाणी, आकाश, सगळीकडे एकच छापील जाळी. आकार साधारण वीस इंच बाय चौदा इंच, म्हणजे या छापखान्याचा अगदी नेहमीचा.

फ्रेम उघडली तेव्हा दुमडलेल्या खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव आणि 'कार्ला-लोणावळा' मिळालं. (फ्रेमवाले ही पट्टी बहुतेक वेळा कापूनच टाकतात.) म्हणजे प्रत मळवलीला हलल्यानंतरची. पण रविवर्म्याच्या हयातीतली असेलच असं नाही, कारण तो गेल्यावरही छापखाना कित्येक वर्षं चालूच होता.

काका म्हणाले, "म्हणजे किंमत?" कोटीत नाही, हजारांत. आणि तीही स्थितीवर. डाग, कीड, कापलेली कड, सगळ्याचे पैसे कमी होतात. दोन भावांचे चेहरे पडले, पण निदान एकमेकांकडे बघून पडले.

मला मात्र त्या फ्रेममध्ये दुसरंच काहीतरी दिसत होतं. लक्ष्मीच्या साडीचे काठ, मुकुट आणि दागिने यांवर खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या होत्या. घरच्या बायकांनी अशी चित्रं सजवण्याची पद्धत तेव्हा बऱ्याच ठिकाणी होती. मागच्या बाजूने टाके बघितले तर एक अगदी बारीक आणि सारखा, दुसरा मोठा आणि घाईचा. आत्या म्हणाली, बारीक टाका आजेसासूबाईंचा, त्यांनी शिवलेल्या झबल्यांवर तोच आहे. दुसरा कुणाचा, ते तिलाही सांगता येईना. रविवर्म्याच्या नावाखाली दोन बायकांचं काम लटकत होतं, आणि यादीत त्यांच्या नावाची ओळ नव्हती. संग्राहक जरकाम केलेल्या प्रती वेगळ्या शोधतात, एवढं मात्र मी भावांना सांगून ठेवलं. टिकल्या काढून चित्र 'साफ' करायचा विचार एकाने बोलून दाखवला होता, तो तिथेच थांबला.

न्यू जर्सीचं काय? रविवर्म्याच्या मूळ चित्रांना १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा आहे, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आमचं छापील, पण शंभर वर्षं ओलांडलेल्या कलावस्तूलाही हाच कायदा लागू होऊ शकतो. तेव्हा पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय बॅगेत काहीही घालू नकोस, असं मी त्याला कळवलं. त्याने फोटो मागितला आहे, टाक्यांच्या बाजूचाही.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला, म्हणजे हा कायदा झाला त्याच वर्षी.