अहमदनगर जिल्ह्यातील भुई, फरशी आणि रबर

घराच्या तळपृष्ठासाठी मराठीत स्वतःचे असे नाव नाही. शेतालाही जमीन म्हणतात आणि माजघरालाही जमीनच. ‘भुई’ हा संस्कृत ‘भूमी’चा वंशज, ‘जमीन’ फारसी, ‘फरशी’ अरबी-फारसी, तर अलीकडचा ‘मॅट’ इंग्रजी. या शब्दांच्या थरांवरून वस्तूंचाही कालक्रम लावण्याचा मोह साहजिक आहे. तथापि तो कितपत ग्राह्य मानावा, हे शब्दांपेक्षा वस्तूंनाच विचारणे इष्ट. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा या परीक्षेस विशेष सोयीचा आहे.

प्रवरेच्या खोऱ्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये, नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात आणि दायमाबाद येथे १९५८-५९ मध्ये व पुन्हा १९७४ ते १९७९ या वर्षांत उत्खनने झाली. नेवाशाचे काम डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली झाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांच्या ठोकून केलेल्या जमिनी या स्थळांवर एकीवर एक अशा आढळल्या. जुनी भुई खचली की तीवरच नवी करावयाची, ही रीत त्यांतून स्पष्ट होते. त्याच भुईखाली कुंभांत ठेवलेली बालकांची दफने निघाली. तेव्हा घराची जमीन ही केवळ पाय ठेवण्याची जागा होती, असे म्हणता येत नाही.

ठोकण्याची ही रीत खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. माती व मुरूम पसरावयाचा, पाणी मुरवावयाचे, चोपण्याने चोपावयाचे आणि वर शेणाचे सारवण करावयाचे. चोपणे एकदाचे, सारवण मात्र कधीही न संपणारे, आणि ते सर्वस्वी स्त्रियांकडे. जमिनीच्या कोणत्याही इतिहासात या श्रमाची नोंद प्रथम व्हावयास हवी. पण सारवणाचा हिशेब कोणत्याच दप्तरात ठेवला जात नसे. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ या वाक्प्रचारात ‘भुई’ हा शब्द शाबूत राहिला, हेही ध्यानात घ्यावे. तेथे ‘फरशी’ घालून पाहिल्यास वाक्प्रचारच मोडतो.

निजामशाहीच्या काळात, १४९० नंतर, या प्रदेशात चुन्याचे मोठे बांधकाम झाले. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल त्याचा साक्षी आहे. परंतु सामान्यांच्या घरात पातळ दगडी फरशी त्यामुळे आली नाही, आणि याचे कारण भूगर्भात आहे. जिल्ह्याचा खडक काळा पाषाण. तो घडवावा लागतो. त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पायऱ्या, घाट, जोती यांना तो उत्तम. घरभर अंथरण्यास महाग. थराथराने सुटणारा चुनखडक भीमेच्या खोऱ्यात, शहाबादच्या परिसरात आहे. रेल्वे १८७१ मध्ये त्या भागातून रायचूरपर्यंत पोहोचली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग अहमदनगरवरून सुरू झाला. शहाबादी फरशीस या जिल्ह्याचा मार्ग मोकळा झाला तो तेव्हा. म्हणजे ‘फरशी’ हा शब्द राज्यकर्त्यांबरोबर आला, वस्तू मात्र घरोघर पोहोचण्यास आगगाडी लागली. शब्दाच्या वयावरून वस्तूचे वय काढू नये, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

मूळ अरबी ‘फर्श’ म्हणजे पसरलेले, अंथरलेले. तंबू, जाजमे, गालिचे सांभाळणारे खाते तो फरासखाना. पुण्यात त्या नावाची पोलीस चौकी त्याची आठवण देते. मराठी ‘फरशी’त मात्र मऊ अंथरूण गोठून दगड झाले. क्रियापदही बदलले: गालिचा अंथरतात, फरशी बसवतात.

रबराचा प्रवेश या क्रमात उशिराचा. गंधकाने रबर पक्के करण्याच्या कृतीचे पेटंट चार्ल्स गुडइयर यास अमेरिकेत १८४४ मध्ये मिळाले. रबर टिकाऊ झाले ते या कृतीमुळे. दवाखाने, व्यायामशाळा, कार्यालये यांत आज रबराची अखंड चादर घालतात. खालचा काँक्रीटचा थर कोरडा व सपाट हवा; ओल राहिली तर चिकटद्रव्य सुटते. गुंडाळी उलगडून काही काळ तशीच सैल पडू देतात, मग दातेरी थापीने चिकटद्रव्य पसरून तीवर चादर टाकतात आणि जड रूळ फिरवून आतील हवा काढतात. चोपण्याची जागा रुळाने घेतली; पाया नीट नसेल तर वरचे व्यर्थ, हा जुना नियम तसाच राहिला.

या जिल्ह्यात रबराच्या जमिनीस मिळालेले सर्वांत नवलाचे गिऱ्हाईक मात्र गाय होय. संगमनेर, राहाता, अकोले या दुधाच्या तालुक्यांत संकरित गाई सिमेंटच्या कोब्यावर घसरतात आणि बसता-उठता त्यांचे गुडघे सोलतात. म्हणून गोठ्यात रबरी मॅट टाकतात. जिच्या शेणाने माणसाची भुई सारवली जाई, तिच्या पायाखाली आता रबर आले आहे, आणि ते शेण खतात किंवा गोबरगॅसच्या टाकीत जाते. माणसाच्या घरात फरशी आली, सारवण सुटले. त्या जागी गोठा धुण्याचे काम उभे राहिले. ते घरातील कोणाच्या वाट्यास आले, याची नोंदही बहुधा कोठे होत नाही.

गोठेवाला या चादरीस ‘फरशी’ म्हणत नाही. फरशी म्हणजे दगड, ही त्याची समजूत पक्की आहे. क्रियापद मात्र तो ‘अंथरणे’ हेच योजतो, म्हणजे ‘फर्श’चा मूळ अर्थ त्या शब्दावाचूनच गोठ्यात परतला आहे.